घरी बांधलेल्या विमानात इंधन गुरुत्वाने आणावे की पंपाने?

उंचपंखी (चर्चाप्रस्ताव):
मी बांधत असलेल्या दोन आसनी विमानाचे पंख वर आहेत आणि टाक्या पंखांतच असल्यामुळे इंधन केवळ गुरुत्वाने इंजिनापर्यंत आणावे, वाटेत एकही पंप ठेवू नये, असे माझे मत झाले आहे. जो भाग बसवलेलाच नाही तो बंद पडण्याचा प्रश्न येत नाही. शिवाय दोन्ही टाक्यांच्या नळ्या एकत्र आणून एकच झडप ठेवली, की उडताना टाकी बदलण्याचे ध्यान ठेवावे लागत नाही. १९९७ मध्ये गायक जॉन डेन्व्हर ज्या लाँग-ईझी विमानात मरण पावले, त्याच्या बांधणाऱ्याने टाकी निवडण्याची झडप मूळ आराखडा सोडून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. ती फिरवण्याच्या खटपटीत नकळत उजवे रडर (शेपटीवरचे सुकाणू) पायाने दाबले जाऊन ताबा सुटला, असे तपासात नोंदवले गेले.

दाबमापक:
डेन्व्हर यांच्या अपघातात दोष झडपेच्या जागेचा होता, झडप असण्याचा नव्हे. मुळात इंजिन कोणते हे न सांगता हा वाद निरर्थक आहे, कारण पेट्रोलचा एक मीटर उंच स्तंभ जेमतेम ०.०७ बार (बार हे दाबाचे एकक) दाब देतो आणि कार्बोरेटरवर चालणाऱ्या रोटॅक्स ९१२ इंजिनाला किमान ०.१५ बार लागतो. इंधन फवारणाऱ्या ९१२ आयएसला तर सुमारे ३ बार. तिथे पंप टाळण्याचा विचारच संभवत नाही.

उंचपंखी:
इंजिन लायकॉमिंग ओ-३२० आहे, फ्लोट कार्बोरेटरचे; त्याला अर्धा पीएसआय, म्हणजे सुमारे ०.०३४ बार, पुरतो. टाकीचे तळ कार्बोरेटरपेक्षा ७० सेंटीमीटर उंच असल्याने मला जवळपास ०.०५ बार मिळतो.

दाबमापक:
हा हिशेब जमिनीला समांतर उभ्या विमानाचा झाला. आपला कार्बोरेटर टाकीतून इंधन बाहेर पडण्याच्या तोंडापासून दीड मीटर पुढे आहे असे धरले आणि चढताना नाक १५ अंश वर गेले, तर कार्बोरेटर सुमारे ३९ सेंटीमीटर वर येतो, उंचीतला फरक २९ सेंटीमीटरच उरतो आणि दाब ०.०२ बारवर घसरतो. तोही टाकी रिकामी होत आली असताना, आणि नळी, गाळणी व झडप यांच्यातली घट न धरता! इंजिन सर्वाधिक इंधन मागते तेव्हाच आपली व्यवस्था सर्वांत कमी देणार आहे.

खालपंखी:
माझ्या विमानात पंख खाली असल्याने पंप अपरिहार्यच आहे. पण पंपवाल्यांनी फार निश्चिंत राहू नये. इंजिनावरचा यांत्रिक पंप इंधन ओढतो, ओढल्याने नळीतला दाब उतरतो, आणि गरम इंजिनाजवळ त्या उतरलेल्या दाबाखाली पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह तुटतो. म्हणून मी विजेचा पंप टाकीजवळ, जमेल तितका खाली ठेवला. तो ढकलतो, ओढत नाही. मात्र दोन्ही पंप एकाच गाळणीतून पितात, त्यामुळे ती तुंबली तर पंप दोन आहेत या समाधानाला काही अर्थ उरत नाही. टाक्या जोडण्याची सोयही मला नाही, कारण रिकाम्या टाकीतून पंप हवाच ओढेल.

उंचपंखी:
चढाईचा मुद्दा मान्य आहे, पण त्यावर उत्तर पंप नसून मोजणी आहे. अमेरिकी प्रमाणित विमानांच्या नियमावलीतील भाग २३ गुरुत्वाच्या व्यवस्थेकडून उड्डाणावेळच्या खपाच्या १५० टक्के आणि पंपाच्या व्यवस्थेकडून १२५ टक्के प्रवाह २०१७ पर्यंत मागत असे. घरगुती विमानाला तो बंधनकारक नसला तरी मी तोच कस लावणार आहे. नाक चढाईपेक्षा थोडे अधिकच उचलून, टाकीत तळाशीच इंधन ठेवून, कार्बोरेटरजवळची नळी सोडायची आणि बादली व घड्याळ घेऊन बसायचे. कमी भरले तर आधी नळीचा व्यास वाढवीन.

दाबमापक:
व्यास वाढवल्याने घर्षण कमी होईल, उंची मिळणार नाही. आणि टाक्या जोडणार असाल तर व्हेंटचे, म्हणजे टाकीत बाहेरची हवा येऊ देणाऱ्या नळीचे, काय? दोन व्हेंटवर वाऱ्याचा दाब किंचित जरी वेगळा पडला तरी एक टाकी आधी रिकामी होते; म्हणूनच उंच पंखांच्या सेस्ना १७२ विमानात दोन्ही टाक्यांतील इंधनावरच्या हवेच्या जागा नळीने जोडलेल्या असतात. आपल्या वर्णनात ती नळी नाही.

उंचपंखी:
ती नळी टाकतो. पंप मात्र बादलीने नापास केल्याशिवाय बसवणार नाही.