मदत हवी आहे: झाडीतली गुलाबी रेघांची फुलं पार नाहीशी झाली

मृण्मयी: एप्रिलमध्ये मागच्या झाडीत वाळक्या पाल्यातून वीतभरही नसलेली फुलं आली होती. पाच पांढऱ्या पाकळ्या, त्यावर गुलाबी रेघा. शेजारच्या आजी म्हणाल्या, स्प्रिंग ब्यूटी. दहा-बारा रोपं कुंडीत लावली. सगळी पिवळी पडून आडवी झाली. रोज पाणी घालतेय. काय चुकलं? लवकर सांगा प्लीज.

निनाद_क: राहता कुठे? कुंडी उन्हात का? कंदासकट काढली होती का?

मृण्मयी: न्यू जर्सी. डेकवर, भरपूर ऊन. मातीच्या गोळ्यासकट उचलली, कंदबिंद बघितला नाही.

बागप्रेमी: मुळं कुजली आहेत. हळदीचं पाणी घाला. माझे टोमॅटो त्यानेच वाचले.

निनाद_क: टोमॅटोचं इथे काही नाही हो. मृण्मयीताई, झाडीत राहिलेली रोपं कशी आहेत?

मृण्मयी: तीही नाहीत. एकही नाही.

निनाद_क: अहो, हे आधी सांगायचं ना! मग मेली नाहीत, झोपली आहेत. ओक-मेपलला पालवी फुटायच्या आत जमिनीवर ऊन पोचतं, तेवढ्या काही आठवड्यांत हे रोप फुलतं, बी धरतं, कंदात अन्न साठवतं. वर सावली दाटली की पानं जिरतात. पाणी ताबडतोब थांबवा, नाहीतर कंद खरंच कुजतील.

अदिती: आपली कळलावी नाही का, पावसाळा सरला की वाळते आणि कंद खाली राहतो. तसंच.

बागप्रेमी: तरी हळदीने नुकसान काहीच नाही.

रानवाटा: झाडी तुमची की पार्कची? पार्कातून उपटायची परवानगी नसते. आणि मुळात उपटायचंच कशाला? जमिनीत बीळ करून राहणारी एक एकांडी मधमाशी पिल्लांसाठी मुख्यतः याच फुलाचा गुलाबी पराग नेते.

मृण्मयी: झाडी आमचीच आहे. माशीचं खरंच माहीत नव्हतं, वाईट वाटलं.

खवय्या: कंद उकडून खातात, बटाट्यासारखे लागतात.

रानवाटा: एवढासा कंद, त्यासाठी अख्खं रोप घालवायचं? कृपा करून असं सुचवू नका.

स्मिता_ओहायो: इथे मोगरा थंडीत घरात घ्यायचा का? पानं गळतात.

निनाद_क: घ्या, खिडकीपाशी ठेवा. पण वेगळा धागा काढा ना.

मृण्मयी: कुंडी उपसली. सात कंद घट्ट आहेत, तीन मऊ लागतायत. आता परत झाडीत लावू की मार्चपर्यंत थांबू?

निनाद_क: आजच लावा, पानझडी झाडाखाली, दोन-तीन इंच खोल. मऊ टाकून द्या. वर पालापाचोळा पसरा आणि जागेवर काठी रोवा, नाहीतर शरदात दुसरं काही लावताना तुम्हीच खणाल.

बागप्रेमी: लावताना खड्ड्यात चिमूटभर हळद.

मृण्मयी: काठी रोवली. हळद नाही घातली, काका.