मदत हवी आहे : ४२० केव्ही जीआयएसच्या मॉडेलमध्ये व्हीएफटीओ २.९ पर युनिट येतोय, चूक कुठे?

नमस्कार मंडळी,

थोडं लांब लिहितोय. आकडे दिले नाहीत तर कुणालाच काही सांगता येणार नाही, म्हणून सगळंच मांडतो.

एका ४२० केव्हीच्या जीआयएस (गॅस भरलेल्या धातूच्या बंद नळ्यांत कंडक्टर असलेल्या) सबस्टेशनचं मॉडेल मी एटीपी या सॉफ्टवेअरमध्ये करतोय. आयसोलेटर (सर्किटचा भाग वेगळा करणारा स्विच) चालवताना नॅनोसेकंदांत जे ओव्हरव्होल्टेज उठतं, आम्ही ज्याला व्हीएफटीओ म्हणतो, ते किती वर जातं हे काढायचंय. माझ्याकडे उघड्या ब्रेकरच्या टोकाशी २.९ पर युनिट येतंय. इथे १ पर युनिट म्हणजे फेज ते जमीन व्होल्टेजचं नेहमीचं शिखर, ३४३ केव्ही, म्हणजे शिखर हजार केव्हीच्या आसपास गेलं. वाचनात बहुतेक ठिकाणी १.५ ते २ दिसतं, अगदी वाईट मांडणीत २.५. हा आकडा घेऊन साहेबांपुढे जायला मन धजत नाही.

हे काम मी का मागून घेतलं तेही सांगतो. कमिशनिंगच्या वेळी मी तिथे होतो. बसबारचा (सगळ्या जोडण्यांच्या सामायिक कंडक्टरचा) एक छोटा तुकडा आयसोलेटरने चार्ज करत होतो. आयसोलेटरचा कॉन्टॅक्ट सावकाश सरकतो, त्यामुळे पूर्ण लागेपर्यंत आत पुन्हा पुन्हा स्पार्क पडत राहतो. बाहेर नुसता टर्रर्र असा आवाज येतो. त्याच वेळी बुशिंगच्या (कंडक्टर जिथून बाहेरच्या लाइनकडे निघतो त्या इन्सुलेटरच्या) खालच्या फ्लँजवर निळसर ठिणगी दिसली आणि क्युबिकलमधल्या एका रिलेचा इनपुट लुकलुकला. आमचा हेल्पर एन्क्लोजरला, म्हणजे बाहेरच्या धातूच्या नळीला, हात टेकून उभा होता, त्याने चटका बसल्यासारखा हात मागे ओढला. त्याला काही झालं नाही. पण त्याने विचारलं, "साहेब, हे तर अर्थ केलेलं आहे ना?" तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता मॉडेल. कंडक्टरचा बाहेरचा व्यास १५० मिमी, एन्क्लोजरचा आतला ४९० मिमी. ६० गुणिले दोन्हींच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम, म्हणून सर्ज इम्पीडन्स (धावत्या लाटेला दिसणारा अवरोध) ७१ ओहम धरला. वेग प्रकाशापेक्षा जरा कमी, २८५ मीटर प्रति मायक्रोसेकंद, कारण मध्ये मध्ये स्पेसर, म्हणजे कंडक्टरला धरून ठेवणारे इन्सुलेटर, आहेत. प्रत्येक स्पेसरला १५ पिकोफॅरड दिलेत. आयसोलेटर ते उघडा ब्रेकर हे अंतर ६ मीटर. या तुकड्यावर आधीचा अडकून राहिलेला (ट्रॅप्ड) चार्ज उणे १ पर युनिट धरलाय आणि सोर्स त्याच क्षणी अधिक १ वर. स्पार्कसाठी नेहमीचा घातांकी रेझिस्टन्स घेतला : १० चा १२ वा घात ओहमपासून सुरू, टाइम कॉन्स्टंट १ नॅनोसेकंद, शेवटी ०.५ ओहम. बाकीच्या बे (एकेका लाइनचे किंवा ट्रान्सफॉर्मरचे जोडणीचे विभाग) आणि बसबार तूर्त सोडलेत. आयसोलेटरच्या अलीकडच्या टोकाला थेट ५० हर्ट्झचा सोर्स जोडलाय.

टाइम स्टेप १ नॅनोसेकंद ठेवला तर २.६ येतं, ०.१ केला तर २.९. एका आवर्तनाला साधारण ९० नॅनोसेकंद लागतात, आणि एक मायक्रोसेकंद उलटला तरी लहर फारशी बसत नाही.

सांगा, हा टाइम स्टेपचा खेळ आहे की मी काही मोठं सोडलंय? दुसरं म्हणजे, फ्लँजवरची ठिणगी याच मॉडेलमधून दाखवता येईल का?

प्रतिसाद १

तुमचे ९० नॅनोसेकंदच सगळं सांगतायत. ६ मीटर जायला २१ नॅनोसेकंद, त्याच्या चौपट ८४, आणि स्पेसरच्या कपॅसिटन्समुळे थोडं वाढून ९०. लांबीच्या चौपट आवर्तन केव्हा येतं? एक टोक उघडं आणि दुसरं टोक शॉर्ट असेल तेव्हा. उघडं टोक तुमचा ब्रेकर. शॉर्ट टोक तुमचा सोर्स. आदर्श सोर्सला इम्पीडन्सच नसतो, त्यामुळे लाटेला तो भिंतीसारखा दिसतो. ती तिथून उलटी होऊन जवळजवळ पूर्ण परत येते, मग बसणार कशी?

कागदावरच करून बघा. स्पार्क पडताना दोन्ही बाजूंत २ पर युनिटचा फरक आहे. सोर्स जागचा हलत नसेल तर पूर्ण २ ची लाट तुकड्यात शिरते, उघड्या टोकाला दुप्पट होते, आणि उणे १ मध्ये ४ मिळवले की ३. तुमचं २.९ म्हणजे हे ३, स्पार्कच्या ०.५ ओहमने आणि चढाच्या वेळेने किंचित खाल्लेलं.

खऱ्या सबस्टेशनमध्ये नॅनोसेकंदांच्या हिशेबात सोर्स फार लांब असतो. आयसोलेटरला त्या क्षणी दिसतो तो फक्त बसबार. आयसोलेटर बसबारच्या मधोमध लागत असेल तर लाटेला दोन वाटा आहेत, म्हणजे ७१ च्या निम्मे, ३५.५ ओहम. २ पर युनिट १०६.५ ओहमवर वाटले की तुकड्याच्या वाट्याला १.३३ येतात. दुप्पट करून उणे १ मध्ये मिळवा : पहिलं शिखर १.६७. शिवाय परतलेली लाट आयसोलेटरशी पुन्हा फक्त एक तृतीयांश उलटते, बाकीची बसबारमध्ये निघून जाते. लहर आपोआप बसते ती यामुळे. पुढे बाकीच्या बेंमधून परतणाऱ्या लाटा मिळून शिखर पुन्हा चढतं, पण ते किती हे मांडणीवर आहे आणि त्यासाठीच मॉडेल करायचं. बे सोडून चालणार नाही. उघडा ब्रेकर, बंद ब्रेकर, टी-जॉइंट, बुशिंग, सगळं यायला हवं. ट्रान्सफॉर्मर मात्र इथे नुसता कपॅसिटन्स म्हणून चालतो.

टाइम स्टेप ०.१ च ठेवा. तुमच्या स्पार्कमध्ये पहिले वीसेक नॅनोसेकंद काहीच होत नाही, आणि मग व्होल्टेज चार-पाच नॅनोसेकंदांत कोसळतं. १ च्या स्टेपने त्या उतारावर जेमतेम चार-पाच बिंदू पडतात. आणि सर्वांत छोट्या तुकड्याचा प्रवासकाळ स्टेपपेक्षा मोठा हवा, नाहीतर एटीपी तो तुकडा घेणारच नाही.

प्रतिसाद २

ठिणगीबद्दल लिहितो, कारण मी साइटवरचा माणूस.

आत असताना लाट कंडक्टर आणि एन्क्लोजरच्या आतल्या पृष्ठभागामध्ये असते, बाहेर काही कळत नाही. बुशिंगपाशी एन्क्लोजर संपतं आणि लाट तिथे बाहेर पडते : काही भाग वरच्या लाइनकडे, काही एन्क्लोजरच्या बाहेरच्या अंगावरून मागे. एन्क्लोजर अर्थ केलेलं असतं ते ५० हर्ट्झसाठी. अर्थिंगच्या पट्टीचा इंडक्टन्स मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री धरा, १० मेगाहर्ट्झला ते ६३ ओहम झाले. तीन मीटरची एकच पट्टी खाली गेली असेल तर त्या काही नॅनोसेकंदांपुरतं एन्क्लोजर अर्थ नाहीच.

मॉडेलमध्ये बुशिंगपाशी तीन सर्ज इम्पीडन्स एकमेकांना सिरीजमध्ये जोडा : आतला ७१, लाइनचा ३०० च्या आसपास, आणि एन्क्लोजर ते जमीन अशी वेगळी लाइन. या तिसऱ्यावर पट्ट्या जिथे आहेत तिथेच आणि खऱ्या लांबीच्या दाखवा.

हे सगळं काही मायक्रोसेकंदांत विरतं, सहसा जीवावर बेतत नाही. पण माणूस शिडीवर असेल तर दचकून पडू शकतो. आम्ही आयसोलेटर कंट्रोल रूममधूनच चालवतो आणि तोवर बेमध्ये कुणालाही उभं राहू देत नाही. बुशिंगच्या फ्लँजला चारी बाजूंनी छोट्या रुंद पट्ट्या द्या. रिलेच्या केबलचं शील्ड दोन्ही टोकांना अर्थ आहे का, तेही बघा.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. तीन दिवस मी स्पार्कच्या सूत्रात चूक शोधत होतो आणि चूक सोर्सच्या जागेत होती!

पूर्ण बसबार आणि चार बे टाकल्या, सोर्स लाइनच्या पलीकडे नेला. पहिलं शिखर १.६ आलं, कागदावरच्या १.६७ च्या खालीच. नंतर दुसऱ्या बेमधून परतलेल्या लाटेने ते २.०५ पर्यंत गेलं. लहर अर्ध्या मायक्रोसेकंदात बरीच बसते. एन्क्लोजरची वेगळी लाइन आज जोडली. ड्रॉइंगमध्ये बघितलं तर त्या बुशिंगला खरंच एकच पट्टी आहे, पावणेतीन मीटरची, तीही वळसा घेऊन. हे हेल्परला सांगितलं, आणि पुढच्या शटडाऊनला तीन पट्ट्या वाढवायची मागणी लेखी दिली.

एक राहिलं. ट्रान्सफॉर्मरचा कपॅसिटन्स मी ३ नॅनोफॅरड धरलाय. तुम्ही तो टेस्ट रिपोर्टमधल्या कुठल्या मापावरून काढता?