ब्यूनाऊ यांची ओळख केवळ विंकेलमानचे आश्रयदाते एवढीच आहे का?

करवीरवाचक (कोल्हापूर):

आमच्या शुक्रवार पेठेतील वाचक मंडळात दर महिन्याला एक सभासद अर्धा-पाऊण तास बोलतो. पुढची पाळी माझी असून मी हाइनरिश फॉन ब्यूनाऊ (१६९७–१७६२) या सॅक्सनी या जर्मन राज्यातील मुत्सद्दी विद्वानाचा विषय घेतला आहे. गंमत अशी, की हे गृहस्थ मला त्यांच्या स्वतःच्या नावाने भेटलेच नाहीत. प्राचीन कलेच्या इतिहासाचा पाया घालणाऱ्या योहान योआखिम विंकेलमानविषयी वाचताना ‘ब्यूनाऊ यांच्या ग्रंथालयात सहा वर्षे नोकरी’ या एका ओळीत ते आले आणि गेले. चार खंडांचा इतिहास लिहिणाऱ्या आणि बेचाळीस हजार ग्रंथ जमवणाऱ्या माणसाच्या वाट्याला एवढीच ओळ यावी, हे मला पटत नाही. राजकारणात त्यांचे वजन किती होते? इतिहास अपुरा का राहिला? आणि त्या ग्रंथांचे पुढे काय झाले?

शेवटचा प्रश्न जरा जिव्हाळ्याचा आहे. गेल्या पावसाळ्यात ओळखीच्या एका दिवंगत वकिलांचा सगळा संग्रह वारसांनी रद्दीच्या भावाने काढला. टेम्पोत पोती चढत होती आणि एका उसवलेल्या पोत्यातून लाल फडक्यात बांधलेले मोडी कागदांचे दप्तर डोकावत होते. तेवढे मी मागून घेतले, बाकीचे गेले.

जुनाट_टिपण:

राजकारणापासून सुरुवात करतो. ब्यूनाऊ यांचा जन्म वायसेनफेल्सचा, शिक्षण लाइपझिग विद्यापीठातले आणि घराणे जुने सरदारी. लाइपझिगच्या न्यायालयातून ते सॅक्सनीची राजधानी ड्रेस्डेन इथल्या दरबारात चढत गेले आणि वयाच्या पस्तिशीच्या आतच राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाचे अध्यक्ष झाले. पण त्याच काळात दरबारात ब्र्यूल या महत्त्वाकांक्षी मंत्र्याचा वरचष्मा वाढत होता, आणि त्याच्याशी न जमल्याने ब्यूनाऊ यांची रवानगी मान्सफेल्डच्या कारभारावर झाली. मान राखून दूर सारण्याची ही दरबारी रीत आपल्याकडच्या संस्थानी कारभारात मुरलेल्यांना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. १७४२ मध्ये बव्हेरियाचा सातवा कार्ल पवित्र रोमन साम्राज्याचा, म्हणजे जर्मन राज्यांच्या संघाचा, सम्राट झाल्यावर ब्यूनाऊ त्याच्या सेवेत गेले आणि त्यांना साम्राज्याचा काउंट हा किताब मिळाला. पण तो सम्राट जानेवारी १७४५ मध्ये वारला आणि सगळा डाव मोडला. त्यानंतरची काही वर्षे त्यांनी ड्रेस्डेनजवळच्या न्योटनित्स या आपल्या गढीत ग्रंथांमध्ये घालवली. पुढे १७५१ पासून आयझेनाखचा कारभार आणि १७५६ पासून वायमारचे प्रधानपद त्यांनी सांभाळले. १७५९ मध्ये ते निवृत्त होऊन ऑस्मानश्टेट येथे राहिले आणि तिथेच वारले.

तेव्हा वजन होते, पण ते नेहमी चुकीच्या पारड्यात पडत गेले, असे माझे मत आहे.

कपाट_क्रमांक_नऊ:

मी चाळीस वर्षे ग्रंथालयात काढली आहेत, त्यामुळे माझा कल कुठे असेल ते उघड आहे. तुम्ही विंकेलमानची गोष्ट सांगाल तेव्हा फ्रांकेला विसरू नका, एवढीच विनंती आहे. योहान मिखाएल फ्रांके हा न्योटनित्सचा ग्रंथपाल होता आणि या संग्रहाची विषयवार सूची त्याने केली. लॅटिनमधली ही सूची १७५० ते १७५६ या काळात तीन खंडांत, सात भागांत छापली गेली. सूची म्हणजे नुसती नावांची जंत्री, असे ज्याला वाटते त्याने एकदा कपाटासमोर उभे राहून ठरवून पाहावे, की एखाद्या मठाच्या दानपत्रांचा संग्रह धर्माच्या विषयात घालायचा, कायद्याच्या की त्या प्रांताच्या इतिहासाच्या. असा निर्णय बेचाळीस हजार ग्रंथांपुढे घ्यायचा, आणि तोही असा की शंभर वर्षांनी येणाऱ्या अनोळखी वाचकाचा हात नेमका त्याच फळीवर पडावा.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर. ब्यूनाऊ वारल्यावर दोन वर्षांनी, १७६४ मध्ये, संपूर्ण संग्रह चाळीस हजार थालरना (थालर म्हणजे तिथले तेव्हाचे चांदीचे नाणे) ड्रेस्डेनच्या राजग्रंथालयासाठी विकत घेतला गेला, आणि ग्रंथांबरोबर फ्रांकेही तिकडे गेला. विंकेलमानला न्योटनित्सला वर्षाला ऐंशी थालर मिळत असत. म्हणजे ही किंमत त्याच्या पाचशे वर्षांच्या पगाराइतकी झाली! चारच वर्षांनी त्याच ग्रंथालयाने ब्र्यूलचा सुमारे बासष्ट हजारांचा संग्रहही घेतला. ज्या दोघांचे दरबारात जमले नाही, त्यांचे ग्रंथ एकाच छपराखाली आले. चिनी मातीच्या भांड्यांसाठी सजवलेल्या ‘जपानी महाला’त ते हलवले गेले आणि १७८८ मध्ये ते ग्रंथालय लोकांना खुले झाले. आपले करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे, म्हणजे त्यानंतर बासष्ट वर्षांनी.

सनावळी:

वरील दोन्ही उत्तरे चांगली आहेत, परंतु ब्यूनाऊ यांच्या इतिहासाला दोघांनीही बाजूला ठेवले, याला माझी हरकत आहे. १७२२ मध्ये त्यांनी नमुना म्हणून सम्राट पहिला फ्रीडरिश, म्हणजे बार्बारोसा, याचे चरित्र प्रसिद्ध केले, आणि मग १७२८ ते १७४३ या काळात जर्मन सम्राट व साम्राज्य यांचा मुळापासूनचा इतिहास चार खंडांत आणला. विद्वानांची भाषा लॅटिन असताना त्यांनी हा ग्रंथ जर्मनमध्ये लिहिला आणि प्रत्येक विधानामागे मूळ साधन उभे करण्याचा आग्रह धरला. त्या आग्रहापायीच तो अपुरा राहिला. पंधरा वर्षांत चार खंड होऊनही मजल गेली ती फक्त इसवी सन ९१८ पर्यंत. बार्बारोसा गादीवर आला ११५२ मध्ये. ज्या राजापासून त्यांनी लेखणी उचलली, त्याच्यापाशी ते पुन्हा पोहोचलेच नाहीत. साधने जुळवण्यातच हयात सरलेले संशोधक आपण मराठीतही पाहिले आहेत, तेव्हा याला आळस म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

विंकेलमानची नोकरीही याच पुढच्या कामासाठी होती. श्टेंडालच्या चांभाराचा हा मुलगा झेहाउझेनच्या शाळेत मास्तरकी करून कंटाळला होता. १७४८ मध्ये त्याने ब्यूनाऊ यांना फ्रेंचमध्ये अर्ज लिहिला आणि सप्टेंबरात तो न्योटनित्सला रुजू झाला. जुन्या बखरी वाचून उतारे काढायचे, हे त्याचे रोजचे काम होते; ग्रीक ग्रंथ उरलेल्या वेळात, आणि ड्रेस्डेनचे चित्रसंग्रह अधूनमधून. १७५४ मध्ये तो गेला, १७५५ मध्ये रोमला पोहोचला. इकडे ब्यूनाऊ पुन्हा कारभारात अडकले होते, १७५६ मध्ये युद्धाने सॅक्सनीच घेरली, आणि पाचवा खंड काही निघाला नाही.

करवीरवाचक:

तिघांचेही मनापासून आभार. विंकेलमानचा प्राचीन कलेचा इतिहास १७६४ मध्ये, म्हणजे ब्यूनाऊ यांचा संग्रह विकला गेला त्याच वर्षी, प्रसिद्ध झाला, हे तारखा शेजारी-शेजारी मांडल्यावर आत्ता ध्यानात आले. तरीही भाषणाची सुरुवात मी विंकेलमानपासून न करता फ्रांकेच्या सूचीपासून करणार आहे.

कपाट_क्रमांक_नऊ:

उत्तम. त्या मोडी दप्तराची यादी केलीत का?

करवीरवाचक:

एकशे बारा कागद निघाले. चाळिसापर्यंत आलो आहे. एकेचाळिसावा जमिनीच्या विषयात घालायचा की देवस्थानाच्या, यावर परवापासून अडलो आहे.