शाळेत शिकलेलं कुठं कामी आलं, कुठं अडलं? आपापले अनुभव लिहा

भाच्याला दहावीला 91 टक्के. परवा त्याला बँकेत नेलं आणि चेक लिहायला दिला. रक्कम साडेबाराशे. "म्हणजे किती?" मी म्हटलं, 1250. मग 'अक्षरी रुपये'पाशी गाडी पुन्हा अडली, शेवटी 'फक्त' कशाला लिहायचं यावरून तर वादच. (चेक तीन महिनेच चालतो, हे मलाही त्याच दिवशी कळलं. उगाच ऐट कशाला.) 2019 साली दुसरीच्या गणितात 'एकवीस'शेजारी 'वीस एक' आलं तेव्हा केवढं भांडलो होतो आपण! सव्वा, अडीच, पावणेदोनशे हे कोण शिकवणार, असं कुणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

तर शाळेतली एखादी गोष्ट जन्माला पुरली असेल, किंवा न शिकवल्यामुळे फजिती झाली असेल, तर लिहा. लांबलं तरी चालेल.

*

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, सोलापूरकडे. पत्रलेखनात 'आपला विश्वासू, अ. ब. क.' शिकवून कंटाळलो होतो. एकदा सातवीच्या पोरांना म्हटलं, घरून सातबाऱ्याची झेरॉक्स आणा. गाव नमुना 7 आणि 12 एकाच कागदावर असतात म्हणून सातबारा, हेच बऱ्याच जणांना नवीन होतं. सातमध्ये जमीन कुणाची, बारामध्ये पीक कुठलं. मग हेक्टर-आर. एक आर म्हणजे जवळजवळ एक गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. एरवी अपूर्णांकाला घाबरणारी पोरं बापाच्या रानाची वाटणी धडाधड करायला लागली. 'पोटखराबा' (गटातली लागवडीला न येणारी जमीन) या शब्दावर अर्धा तास हसली.

मग एका मुलीनं विचारलं, "सर, आत्याचं नाव कंसात का हाय?"

कंसातलं नाव म्हणजे उताऱ्यावरून कमी केलेलं नाव. मी फेरफार (नोंदीतला बदल) म्हणजे काय, हक्कसोडपत्र (आपला वाटा सोडल्याचा कागद) म्हणजे काय, जमेल तेवढं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत हजर. "गुरुजी, पोरीस्नी कविता शिकवा की." चहा झाला, बोलणं झालं. निघताना त्यांनीच खिशातून दुसरा उतारा काढला. दुसऱ्या गटातली जमीन अजून मयत आजोबांच्याच नावावर होती. त्या आठवड्यात वर्गानं खरंखुरं पत्र लिहिलं: तलाठ्यांना वारस नोंदीचा अर्ज. 'विषय' एका ओळीत, तारीख, गट नंबर, सोबत जोडलेल्या कागदांची यादी. मुलीचं अक्षर, वडिलांची सही. नोंद व्हायला किती महिने गेले ते विचारू नका. त्या आत्याचं पुढं काय झालं, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

*

आमच्या शाळेत आठवीपासून आठवड्यातला एक दिवस मूलभूत तंत्रज्ञानाचा असायचा. डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तिथून आलेला हा अभ्यासक्रम. वेल्डिंग, वायरिंग, शेती, घर-आरोग्य, मुली-मुलगे सगळ्यांना सगळं. शिकवायला गावातलेच कारागीर. पहिल्यांदा वेल्डिंग केलं तेव्हा रॉड चिकटून बसला आणि मी रडले. आता सासरी मिक्सर बंद पडला की सगळे माझ्याकडे बघतात. पण खरा फायदा वेगळाच झाला. केलेल्या कामाचा खर्च काढून अहवाल लिहावा लागायचा: काय केलं, कसं केलं, कुठं चुकलं. निबंधात मी कायम काठावर पास, पण नोकरीत माझे रिपोर्ट कुणी परत पाठवत नाही.

*

एक लिटर पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ. पाचवीत बाईंनी पाठ करून घेतलं होतं. धाकट्याला जुलाब लागले तेव्हा आई मूठभर मीठ टाकायला निघाली होती, मी हात धरला. एवढंच.

*

न्यू जर्सीत रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. पहिली दोन वर्षं बाराखडी घोटून घेतली, मुलं पळायला लागली. आता गृहपाठ एकच: आजीला फोन करून तीन मिनिटं बोलायचं आणि तिनं वापरलेला एक नवा शब्द आणायचा. गेल्या रविवारी 'ठसका', 'उचकी' आणि 'चोंबडा' आले. तिसरा शब्द कुणाबद्दल होता, ते त्या मुलानं सांगितलं नाही.

*

आमचा 'कार्यानुभव' म्हणजे गणिताचा जादा तास. वर्षाअखेरी पुठ्ठ्याचं घर द्यायचं, ते आई रात्री जागून करायची. 'अ' श्रेणी तिची. शर्टाचं बटण लावायला मी तिसाव्या वर्षी, होस्टेलमधल्या ज्युनिअरकडून शिकलो.

वरच्या वेल्डिंगवाल्या ताई, आमचा मिक्सर फिरतो पण भांड्यातलं पातं फिरत नाही. काय असेल?

*

कपलर (मोटर आणि भांडं जोडणारा तुकडा) गेलंय बहुतेक. जुनं काढून दुकानात सोबत न्या, मापं वेगवेगळी असतात. आणि आधी प्लग काढा.