टेक्सासची मोकळीक एच-वन-बी वाल्यांना लागू नाही

एच-वन-बी (अमेरिकेतला नोकरीसाठीचा तात्पुरता व्हिसा) वाल्यांनी बंदूक हातात घेऊ नये म्हटलं, की ‘टेक्सासमध्ये २०२१ पासून परवान्याशिवाय पिस्तूल घेऊन फिरता येतं, मग व्हिसाचा संबंध काय?’ असं विचारलं जातं. पहिला भाग बरोबर आहे, पण ती सूट कायद्याने बंदूक बाळगायला मनाई नसलेल्यांनाच आहे. मनाईची यादी संघराज्याच्या, म्हणजे अख्ख्या अमेरिकेला लागू असलेल्या कायद्यातही आहे, आणि त्यात एच-वन-बी, विद्यार्थी, पर्यटक असे सगळे तात्पुरते व्हिसावाले येतात. राज्य कितीही उदार असो, ही बंदी उठत नाही. ग्रीनकार्डवाल्यांना, म्हणजे कायम राहायची परवानगी असलेल्यांना, ती नाही.

मी एच-वन-बीवर असताना ऑफिसातल्या मित्रांबरोबर नेमबाजीच्या रेंजवर नेम मारायला गेलो होतो. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म बघून मला थांबवलं. तेव्हा राग आला, आज त्यांचे आभार मानावेसे वाटतात. भाड्याची बंदूक हातात घेणं हेही ‘बाळगणं’च ठरू शकतं, आणि २०२२ पासून या गुन्ह्याला १५ वर्षांपर्यंत कैद आहे. एक अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. तो नसेल तर कृपा करून फक्त बघायला जा, आणि नवीन आलेल्या पोरांनाही हे आधीच सांगा.