वॅक्स प्रिंटला आफ्रिकेची ओळख म्हणावे काय?

सूतधागा (चर्चाप्रस्ताव)

आफ्रिकी कापड म्हटले की ठसठशीत रंगांचे, मोठ्या नक्षीचे जे सुती कापड डोळ्यांसमोर येते, ते वॅक्स प्रिंट मुळात आफ्रिकेचे नाही. जावा बेटावरच्या हातबाटिकची यंत्रावर नक्कल करून ती स्वस्तात विकावी, या हेतूने डच कारखानदारांनी एकोणिसाव्या शतकात ही पद्धत बसवली. कापडाच्या दोन्ही बाजूंना राळ छापायची आणि ते निळीत बुडवायचे. राळेला तडे जातात, त्यांतून रंग आत झिरपतो आणि बारीक शिरा उमटतात. पुढे या कापडाला खरे गिऱ्हाईक मिळाले ते पश्चिम आफ्रिकेत. १८९३च्या सुमारास एबेनेझर ब्राउन फ्लेमिंग या स्कॉटिश व्यापाऱ्याने ते गोल्ड कोस्टच्या, म्हणजे आजच्या घानाच्या, बाजारात आणले. या धंद्यातली सर्वांत नामांकित कंपनी व्लिस्को १८४६पासून नेदरलँड्समधल्या हेल्मंड गावी आहे.

याउलट पश्चिम आफ्रिकेतल्याच बुर्किना फासो या देशाचे ‘फासो दान फानी’ हे हातमागाचे कापड पाहा. कापूस तिथला, सूत तिथले, मागही तिथले. तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थॉमस सांकारा यांनी सरकारी नोकरांना हे कापड वापरायला लावले, आणि १९८७ साली अदिस अबाबा येथे आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांसमोर बोलताना आपल्या शिष्टमंडळाचे सारे कपडे आपल्याच देशात पिकवलेल्या, विणलेल्या आणि शिवलेल्या कापसाचे आहेत, हे त्यांनी अभिमानाने सांगितले. माझे मत स्पष्ट आहे. ज्या कापडाची नक्षी, छपाई आणि नफा तिन्ही परक्यांच्या हाती आहेत, ते कितीही आवडते असले तरी त्याला वारसा म्हणू नये.

टेमावासी

यजमानांच्या नोकरीमुळे मी काही वर्षे घानातल्या टेमा बंदराजवळ राहिले. त्या अनुभवावरून मला तुमचे म्हणणे अर्धेच वाटते. नक्षी हेल्मंडला काढली जात असेल, पण तिला नाव मिळते ते बाजारातल्या बायकांकडून, आणि नाव मिळाले की तिला अर्थ येतो. एककेंद्री ठिपक्यांच्या जुन्या नक्षीला तिथे ‘न्सु बुरा’, म्हणजे विहीर, म्हणतात. दुसऱ्या एकीचे नाव ‘अह्वेने पा न्कासा’, अर्थात चांगले मणी आवाज करत नाहीत, ही अकान भाषेतली म्हण आहे. पिंजऱ्यातून उडालेल्या पक्ष्याची नक्षी ‘तू बाहेर गेलास तर मीही जाईन’ या अर्थाने ओळखली जाते, आणि ती नेसणारी बाई नवऱ्याला काय सांगते आहे, हे शेजारणींना बरोबर कळते. असे बोलणारे कापड हॉलंडच्या कोणत्या बाईने कधी नेसले आहे?

शिवाय कापड म्हणजे अजून कपडा नव्हे. सहा वारांतून शिंपीण काबा, म्हणजे चोळी, आणि त्याखालचा लांब स्कर्ट बेतते, आणि उरलेले कापड कमरेला गुंडाळायला किंवा पाठीवर मूल बांधायला ठेवते. मी ज्या शिंपिणीकडे जात असे, ती कापड अंथरल्यावर बराच वेळ कात्री हातात घेतच नसे. नक्षीतला मोठा गोल छातीवर नेमका कुठे यावा आणि पाठीच्या जोडावर तो तुटू नये, हे ती आधी ठरवत असे. हे कौशल्य आयात केलेले नाही. मृत्यूप्रसंगी काळा-तांबडा आणि जन्माच्या सोहळ्यात पांढरा-काळा हा संकेतही कारखान्याने घालून दिलेला नाही.

सूतधागा

नावांचे सौंदर्य मला मान्य आहे, पण त्यामुळे माझा आक्षेप अधिकच तीव्र होतो. नाव पडले की कापड खपते, म्हणजे या बायका कंपनीसाठी सर्वांत मोलाचे काम करतात, आणि नक्षीचा हक्क मात्र कंपनीकडेच राहतो. टोगोच्या लोमे शहरातल्या ‘नाना बेन्झ’ व्यापारिणी याच कापडावर इतक्या श्रीमंत झाल्या की त्यांच्या मर्सिडीज गाड्यांवरून त्यांना ते नाव पडले. पुढे जानेवारी १९९४मध्ये सीएफए फ्रँकचे, म्हणजे टोगोत चालणाऱ्या चलनाचे, मूल्य एका रात्रीत निम्म्यावर आले, आयात माल परवडेनासा झाला, त्यानंतर चिनी नकला आल्या, आणि त्यांचे साम्राज्य ओसरले. ज्या संपत्तीचा पाया दुसऱ्याच्या गोदामात असतो, तिचे हेच होते. घानातही १९७०च्या दशकात वस्त्रोद्योगात सुमारे २५,००० कामगार होते, ते २००५पर्यंत ३,०००च्याही आत आले. टेमाचा जीटीपी हा कापडछपाईचा नावाजलेला कारखानाही व्लिस्को समूहातच आहे.

शिवणकलेची_विद्यार्थिनी

सूतधागा, तुमचा मुद्दा आर्थिक आहे आणि तो खरा आहे, पण तुम्ही त्यावरून ओळखीचा निवाडा करता, तिथे मी थांबते. कापड कुठून आले यावर ओळख ठरत असती, तर नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या कालाबारी लोकांबद्दल काय म्हणाल? त्यांचे मानाचे चौकड्यांचे कापड शतकानुशतके आपल्या मद्रासेहून जात आले. ‘इंजिरी’ हे त्याचे नाव ‘रिअल इंडिया’वरून आल्याचे सांगतात. कालाबारी बायका या विणलेल्या कापडातले ठरावीक धागे पात्याने कापतात आणि एकेक ओढून काढतात, आणि त्या रिकाम्या जागांतून नवी, जाळीसारखी नक्षी उभी राहते. त्याला ‘पेलेते बिते’, कापलेल्या धाग्यांचे कापड, म्हणतात. भरतकामात आपण धागा घालतो, त्या काढून घेतात. एका कापडामागे किती बैठका आणि केवढी नजर लागत असेल, याची कल्पना सुई हाती धरणाऱ्याला येईल. मद्रासच्या विणकराने ते पाहिले तर तो आपलेच कापड ओळखणार नाही.

नामिबियातल्या हेरेरो स्त्रियांचा पोशाख तर याहून अवघड उदाहरण आहे. उंच गळा, फुगीर बाह्या, अनेक परकरांवरचा घेरदार झगा, हे सारे एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन मिशनऱ्यांच्या बायकांकडून आलेले. त्याच जर्मनांच्या सैन्याने १९०४ ते १९०८ या काळात हेरेरो समाजाचा संहार केला. तरीही वाचलेल्यांच्या लेकींनी तो झगा टाकला नाही. रंगीत कापडातून तो स्वतः शिवला आणि त्यावर गुरांच्या श्रीमंतीची खूण म्हणून शिंगांच्या आकाराचे शिरोवस्त्र बांधले. आज तो त्यांच्या स्मृतिदिनांचा पोशाख आहे. हा वारसा नाही, असे त्यांच्यासमोर कोण म्हणू शकेल?

उभा_आडवा

मी विणकरांच्या बाजूने लिहितो. या चर्चेत माग मागे पडला आहे. घानातल्या बोनविरे गावी आणि एवे लोकांच्या अगोतिमे क्पेतोए भागात केंटे हे मानाचे कापड हातमागावर अरुंद पट्ट्यांत विणले जाते. असे अनेक पट्टे काठाला काठ लावून शिवले की एक वस्त्र होते. २०२४ साली युनेस्कोने ही कला आपल्या यादीत घेतली. पण केंटेची नक्षी छापलेले स्वस्त कापड त्याच बाजारात मिळते, आणि ग्राहकाला लांबून दोन्हींत फरक दिसत नाही. पैठणीची नक्षी यंत्रमागावर उतरलेली आपण पाहिली आहे, म्हणून हे दुःख मराठी वाचकाला समजावून सांगावे लागू नये. कालाबारी बायकांची कारागिरी थोर आहे, पण तिचा दाखला देऊन छपाईच्या प्रत्येक ठाणाला वारशाचे प्रमाणपत्र देता येणार नाही. तिथे हात कापडाला बदलतो. इथे यंत्र हाताचे काम गिळते.

टेमावासी

उभा_आडवा, छापील केंटेविषयी मी पूर्णपणे तुमच्यासोबत आहे. पण वॅक्स प्रिंट स्वतःला केंटे म्हणवत नाही. ते वेगळ्याच कामाचे आहे. केंटे समारंभाचे, वॅक्स नेसून बाई बाजार, चर्च आणि अंत्ययात्रा तिन्ही करते. माझ्या शिंपिणीकडे दोन्ही येत. केंटेचे पट्टे जोडताना ती हातशिलाई घाली, यंत्राखाली ते कधी घेत नसे, आणि वॅक्सला तिने कधी कमी लेखल्याचे मला आठवत नाही.

सूतधागा

हेरेरो आणि कालाबारी उदाहरणांनंतर माझे विधान मी दुरुस्त करतो. जे कापड शिवणारीने आणि नेसणारीने आपले केले, ते त्यांचेच आहे, आणि ते नाकारण्याचा अधिकार मला नाही. पैशाचा प्रश्न मात्र मी सोडत नाही. डच वॅक्सच्या काठावर कंपनीचे नाव आणि अस्सलपणाची हमी छापलेली असते, आणि जाणत्या बायका कापड घेताना आधी तो काठ पाहतात. त्याच काठावर नक्षीचे बाजारातले नाव आणि ते ज्या गावच्या बाजारात पडले त्या गावाचे नाव छापावे, आणि प्रत्येक वारामागे ठरावीक रक्कम त्या बाजाराच्या व्यापारिणींना जावी.