मणके जोडण्याची शस्त्रक्रिया: दोन अंदाजपत्रकांत 70,000 रुपयांचा फरक का?

निपाणीकर: आईच्या कमरेचा चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकल्याने डॉक्टरांनी फ्यूजन, म्हणजे मणके जोडण्याची शस्त्रक्रिया, सुचवले आहे. बेळगावच्या एका रुग्णालयाने 2,80,000, तर कोल्हापूरच्या एकाने 2,10,000 रुपये सांगितले. कोणता आकडा खरा धरावा?

खानापूरवासी: दोन्ही खरे असतील, पण ते एकाच गोष्टीचे नसावेत. एका पातळीच्या, म्हणजे लगतच्या दोन मणक्यांच्या, जोडणीत साधारणपणे चार स्क्रू, दोन सळ्या आणि बहुधा एक केज (दोन मणक्यांच्या मध्ये बसवायचा आधार) लागतो. हे साहित्य पॅकेजमध्ये धरले आहे की ‘प्रत्यक्ष बिलाप्रमाणे’ अशी बारीक ओळ तळाशी आहे, ते आधी पाहा. वडिलांच्या वेळी ती ओळ आम्ही वाचलीच नव्हती. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याला 2017 पासून कमाल किंमत ठरलेली आहे, तशी मणक्याच्या स्क्रूंना नाही. म्हणून कंपनी, धातू आणि नग लेखी मागा. अतिदक्षता विभागाचे दिवस, रक्त, कमरपट्टा आणि फिजिओथेरपीही विचारा.

सीमावासी: शिधापत्रिका बीपीएल असल्यास आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, मात्र ही शस्त्रक्रिया व ते रुग्णालय यादीत आहे का, हे दाखल होण्यापूर्वीच आरोग्यमित्रांकडून (रुग्णालयातील योजनेच्या मदतनीसांकडून) तपासावे. आपले गाव सीमाभागातील 865 गावांत असेल, तर महाराष्ट्राच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेचीही कोल्हापुरात चौकशी करा.

निपाणीकर: आभारी आहे. कोल्हापूरच्या कागदावर ‘साहित्य वेगळे’ असे लिहिलेले आत्ता दिसले.